मेलखालची सिग्नेचर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्हावा-शेवाचे बंदर 1989 साली सुरू झाले आणि त्याच्या कामावर चालणारी क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची ऑफिसे वाशीपासून बेलापूरपर्यंत ठिकठिकाणी उघडली. अशा ऑफिसच्या आयात विभागात बसणारा माणूस दिवसभर मेल लिहीत असतो. शिपिंग लाइनकडे डिलिव्हरी ऑर्डर मागायची, सीएफएसला (कंटेनर फ्रेट स्टेशनला) कंटेनरच्या तपासणीची वेळ विचारायची, पार्टीला ड्युटीचा आकडा कळवायचा, परदेशातल्या एजंटकडून कागद मागवायचे आणि मधेच महापालिकेच्या विभाग कार्यालयाला एखादा अर्ज पाठवायचा. खाते एकच, पण मेलच्या तळाशी प्रत्येकाला हवे असते ते वेगळे. परदेशी एजंटला +91 लावलेला नंबर हवा. शिपिंग लाइनला कस्टम्स ब्रोकर म्हणून असलेला लायसन्स क्रमांक हवा. पार्टीला अडचणीच्या वेळी उचलला जाणारा मोबाइल हवा. पालिकेतल्या कर्मचाऱ्याला मराठीत नाव, हुद्दा आणि पत्ता हवा.

म्हणून एकापेक्षा जास्त सिग्नेचर ठेवणे आणि मेल बघून त्या बदलणे ही साधी, रास्त सवय आहे. तिच्याभोवतीचे गैरसमज मात्र महागात पडू शकतात. सिग्नेचर वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती कुणाची ओळख सिद्ध करत नाही आणि लिहिणाऱ्याची जबाबदारी कमी-जास्तही करत नाही. ही एक गोष्ट पक्की झाली की पुढचे बहुतेक गोंधळ सुटतात.

गैरसमज 1: एका खात्याला एकच सिग्नेचर ठेवता येते.

वस्तुस्थिती: जीमेलने 2020 मध्ये ही मर्यादा काढली. संगणकावर जीमेल उघडा, वरच्या दातेरी चाकावरून सर्व सेटिंग्जमध्ये जा आणि 'जनरल'मध्ये खाली 'सिग्नेचर' शोधा. तिथे 'क्रिएट न्यू' दाबून हव्या तेवढ्या सिग्नेचर तयार करता येतात. प्रत्येकीला नाव द्यावे लागते आणि ते नाव समोरच्याला दिसत नाही. म्हणून नाव वाचणाऱ्यावरून ठेवावे: 'शिपिंग लाइन', 'पार्टी', 'पालिका मराठी', 'रिप्लाय छोटी'. 'सिग्नेचर 1', 'सिग्नेचर 2' अशी नावे घाईच्या वेळी काही सांगत नाहीत.

मेल लिहिण्याच्या चौकटीत सर्वांत खाली, 'सेंड'च्या ओळीत, पेनाचे छोटे चिन्ह असते. ते दाबले की यादी उघडते. दुसरे नाव निवडले की आधीची सिग्नेचर जाते आणि तिच्या जागी नवी येते. हाताने पुसून वरून पेस्ट करत बसायची गरज नाही. त्या खटाटोपातच जुन्या सिग्नेचरची अर्धी ओळ मागे राहते. आउटलुकमध्येही मेल लिहिताना 'सिग्नेचर'चा मेनू असतो आणि ॲपल मेलमध्ये विषयाच्या ओळीजवळ तशीच यादी मिळते. थंडरबर्डची रीत थोडी वेगळी आहे. तिथे एका खात्यात अनेक 'आयडेंटिटी' करतात आणि प्रत्येकीला स्वतःची सिग्नेचर देतात.

गैरसमज 2: मेल कुणाला चालला आहे हे ओळखून प्रोग्रॅम योग्य सिग्नेचर लावतो.

वस्तुस्थिती: नेहमीचे मेल प्रोग्रॅम आपणहून दोनच गोष्टी पाहतात. मेल कोणत्या खात्यातून किंवा पत्त्यावरून चालला आहे ही पहिली, आणि जीमेल, आउटलुकमध्ये मेल नवा आहे की रिप्लाय-फॉरवर्ड आहे ही दुसरी. 'टू'मध्ये पालिकेचा पत्ता आहे की रॉटरडॅमच्या एजंटचा, हे ते बघत नाहीत. ती निवड लिहिणाऱ्यालाच करावी लागते.

म्हणून आपोआप लागणारी सिग्नेचर सर्वांत साधी ठेवावी: नाव, हुद्दा, कंपनी, एक नंबर. बदलायचे राहून गेले तरी ती कुणालाही चालते. खास सिग्नेचर मुद्दाम निवडून लावाव्यात. पार्टीसाठी ठेवलेला खासगी मोबाइल आपोआप लागणाऱ्या सिग्नेचरमध्ये असेल, तर एखाद्या दिवशी तो सीसीमधल्या 20 अनोळखी लोकांकडे जातो आणि गेलेला नंबर परत घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हुद्दा बदलला म्हणून सेटिंग्जमध्ये सिग्नेचर सुधारली, तरी आधी पाठवलेले मेल सुधारत नाहीत. सिग्नेचर त्या-त्या मेलच्या मजकुराचाच भाग होऊन गेलेली असते. ड्राफ्टमध्ये पडून असलेल्या मेललाही जुनीच सिग्नेचर चिकटलेली असते. बढती किंवा ऑफिसचा पत्ता बदलल्यावर ड्राफ्ट एकदा उघडून पाहावेत.

गैरसमज 3: संगणकावर दिसते तेच मोबाइलवरून आणि समोरच्यापर्यंत जाते.

वस्तुस्थिती: जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये 'मोबाइल सिग्नेचर' वेगळी भरावी लागते आणि ती नुसता मजकूर असते. तिथे लोगो बसत नाही. आयफोनच्या मेल ॲपने मोबाइलचे नाव सांगणारी ओळ आपणहून लावलेली असते, ती सेटिंग्जमध्ये जाऊन बदलावी लागते. विंडोजवरच्या जुन्या, क्लासिक आउटलुकमध्ये सिग्नेचर त्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये राहत आल्या आहेत. संगणक बदलताना तो फोल्डर आठवणीने नव्या संगणकावर न्यावा.

शिवाय कंपनीचा सर्व्हर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली स्वतःची तळटीप जोडू शकतो आणि लिहिताना ती दिसत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रीकडून जाणाऱ्या मेलखाली पंतप्रधानांचे छायाचित्र आणि सरकारी घोषवाक्य जात असल्याचे लक्षात आले. ते कुणा कर्मचाऱ्याने लावलेले नव्हते. न्यायालयाची मेल व्यवस्था सांभाळणाऱ्या एनआयसीच्या यंत्रणेतून ते येत होते. रजिस्ट्रीने ते काढायला सांगितले आणि त्या जागी न्यायालयाच्या इमारतीचे चित्र आले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत हे घडू शकते, तर आपल्या मेलखाली काय जाते हे प्रत्येकाने तपासावे. त्यासाठी स्वतःच्या दुसऱ्या खात्यावर एक मेल पाठवून तो मोबाइलवर उघडला की पुरते.

गैरसमज 4: सिग्नेचर बदलली की पाठवणारा बदलतो.

वस्तुस्थिती: नवी मुंबईत दिवसा महापे किंवा ऐरोलीच्या कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरीपद सांभाळणारी माणसे भरपूर आहेत. पाण्याच्या तक्रारीचा मेल ऑफिसच्याच खात्यातून लिहायचा आणि खाली 'मानद सचिव, अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था' अशी सिग्नेचर लावायची, हे सर्रास चालते. पण 'फ्रॉम'मध्ये कंपनीचाच पत्ता राहतो आणि मेल कंपनीच्याच सर्व्हरवरून जातो. त्याची प्रतही तिथेच राहते. पालिकेच्या नोंदीत तक्रार त्या कंपनीच्या पत्त्यावरून आलेली दिसते. नोकरी सुटली की खाते बंद होते आणि संस्थेचा सगळा पत्रव्यवहार नव्या कमिटीच्या हाती न लागता जातो.

संस्थेचे काम संस्थेच्या खात्यातूनच करावे. एकाच नोकरीत दोन कामे असतील, तर दोन सिग्नेचर योग्य. दोन वेगळ्या संस्थांसाठी मात्र दोन खातीच हवीत.

गैरसमज 5: मेलखालचे नाव म्हणजे डिजिटल सिग्नेचर, आणि ते नसेल तर मेल बंधनकारक नाही.

वस्तुस्थिती: या एका वाक्यात दोन चुका आहेत. कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर बिल ऑफ एंट्री भरताना कस्टम्स ब्रोकर जे यूएसबी टोकन लावतो, त्यात डिजिटल सिग्नेचर असते. कंट्रोलर ऑफ सर्टिफायिंग ऑथॉरिटीज या सरकारी यंत्रणेने परवाना दिलेली संस्था ओळख पडताळून ती देते. सही केल्यानंतर कागदात एक अक्षर बदलले तरी ते उघड होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 ने तिला हाती केलेल्या सहीचे स्थान दिले आहे. मेलखालचा मजकूर कुणीही टाइप करू शकतो, त्याला हे स्थान नाही. चेअरमनच्या सहीचे चित्र स्कॅन करून मेलखाली चिकटवले, म्हणून तो मेल डिजिटल सहीचा होत नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडते. त्याच अधिनियमात नंतर घातलेले कलम 10अ सांगते, की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निकामी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या प्रकरणात बॉक्साइटच्या 5 खेपांचा सौदा ई-मेलच्या देवाणघेवाणीतूनच पक्का झाल्याचे मानले. रीतसर करारपत्रावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या, तरी त्याने फरक पडला नाही. 'कन्फर्म्ड' हा एक शब्द तुमच्या खात्यातून गेला की त्याचे वजन असते, खाली लांब सिग्नेचर असो, छोटी असो की काहीच नसो.

वाद कोर्टात गेला तर मेलची प्रिंट नुसती जोडून भागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून दर आणि तारखा ठरवणारे मूळ मेल जपून ठेवावेत.

गैरसमज 6: खाली गोपनीयतेची लांबलचक सूचना असली की मेल सुरक्षित.

वस्तुस्थिती: वाचणाऱ्याने मान्य न केलेली अट त्याच्यावर एकतर्फी लादता येत नाही. गोपनीयता येते ती आधी केलेल्या करारातून किंवा वकील-अशील यांच्यासारख्या नात्यातून. चुकीच्या माणसाला मेल जाऊ नये याचा उपाय वर आहे: 'टू'चा पत्ता पुन्हा वाचणे. कंपनीने सूचना सक्तीची केली असेल तर ती जरूर ठेवावी, मात्र तिच्या भरवशावर राहू नये.

गैरसमज 7: लोगो, हुद्दा, नंबर सगळे बरोबर आहे, म्हणजे मेल खरा आहे.

वस्तुस्थिती: आयातीच्या पैशांवर डोळा ठेवणारे भामटे आधी सिग्नेचरच उचलतात. एखाद्या खऱ्या मेलमधून ती जशीच्या तशी कॉपी करतात, पत्त्यात एखादे अक्षर बदलतात आणि लिहितात: आमचे बँक खाते बदलले आहे, या खेपेचे पैसे नव्या खात्यात पाठवा. अकाउंट्समधला माणूस सावध असतो, खात्री करायला फोन करतो. पण नंबर घेतो त्याच मेलच्या सिग्नेचरमधून. तिथे भामट्याने आपला नंबर घातलेला असतो आणि पलीकडून हसतमुखाने 'हो' ऐकू येते.

खात्रीचा फोन नेहमी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करावा: जुन्या बिलावरच्या, करारावरच्या. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' दाबले की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल दिसतात. मेल खरोखर त्या डोमेनकडून आला का, ते यावरून कळते. तरीही समोरच्याचे खातेच कुणी ताब्यात घेतले असेल तर हे निकालही बरोबर येतात, म्हणून फोन टाळू नये. पैसे गेलेच तर 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम हातातून निसटण्याची शक्यता जास्त.

गैरसमज 8: मराठी सिग्नेचर समोर चौकोन-चौकोन दिसते, म्हणून इंग्रजीच बरी.

वस्तुस्थिती: हा अनुभव जुन्या फॉन्टचा आहे. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक होतो. युनिकोडमध्ये 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे आणि आजच्या मोबाइल-संगणकांवर ती नीट उमटते. राज्याचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे आणि स्थानिक प्राधिकरणांच्या मराठी कारभारासाठी 2022 मध्ये वेगळा कायदा झाला. पालिकेला लिहिताना मराठी सिग्नेचर लावणे रीतीला धरून आहे, आणि नाव-पत्ता नोंदवून घेणाऱ्यालाही सोयीचे आहे. तो इंग्रजीतून उतरवताना आडनाव चुकण्याचा धोका उरत नाही.

गैरसमज 9: जितकी माहिती जास्त, तितकी छाप चांगली.

वस्तुस्थिती: इंटरनेटवरच्या शिष्टाचाराविषयी 1995 मध्ये निघालेल्या आरएफसी 1855 ने साधारण 4 ओळींची मर्यादा सुचवली होती. ती आजही कामाची आहे. लोगो काही ठिकाणी अडवला जातो किंवा जोडलेल्या फाइलसारखा दिसतो, म्हणून फोन नंबर चित्रात घालू नये, अक्षरांतच लिहावा. एक अपवाद मात्र आहे. कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 12 प्रमाणे व्यावसायिक पत्रे, बिले आणि नोटिसांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि 21 अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, लागतो. आज हे व्यवहार मेलवरूनच होतात, म्हणून बाहेरच्या औपचारिक पत्रव्यवहाराच्या सिग्नेचरमध्ये तो ठेवणे शहाणपणाचे. ऑफिसमधल्या सहकाऱ्याला 'फाइल पाठव' म्हणताना त्याची गरज नाही.

बहुतेकांना तीन सिग्नेचर पुरतात: बाहेरच्यांसाठी पूर्ण, सरकारी कार्यालयांसाठी मराठी, आणि रिप्लायसाठी नाव-नंबराची दोन ओळींची. हुद्दा, नंबर किंवा पत्ता बदलेल त्या दिवशी तिन्ही एकदम सुधाराव्यात, मोबाइलवरचीही. 'सेंड' दाबण्याआधी वरचा पत्ता आणि खालची सिग्नेचर एकमेकांना साजेशी आहेत ना, एवढे पाहावे. शनिवारी रात्री कंटेनर अडकलेल्या पार्टीला त्या मेलमध्ये चालू नंबर मिळायला हवा. आपले कौशल्य तिथे दिसते.