मिठबावात सर्व्हर घेताय? आधी रॅम मोजा

देवगड तालुक्यात आंबा कॅनिंगवाले, हॉटेलवाले, पतसंस्था हल्ली विचारतात: एकाच यंत्रावर टॅली, बिलिंग, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असे वेगवेगळे व्हर्च्युअल सर्व्हर चालवायचे, तर कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा?

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं. कायमचे परवाने बंद झाले, वर्गणी आली, तीही प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअरची. छोट्यांना हे झेपणारं नाही. सगळं विंडोजवरच असेल तर हायपर-व्ही सरळ पडतं. स्टँडर्ड परवान्यात दोन व्हर्च्युअल विंडोज सर्व्हर बसतात. माझं मत मात्र प्रॉक्समॉक्सला. डेबियन आणि केव्हीएमवर उभं, मुक्त स्रोत, सपोर्टचे पैसे ऐच्छिक.

आता आकार. प्रोसेसर वाटून घेता येतो, साध्या कामाला एका कोअरवर चार व्हर्च्युअल कोअर चालतात. रॅम मात्र खरीच लागते. सगळ्या व्हर्च्युअल सर्व्हरना मिळून ९६ जीबी हवी आणि यंत्रं तीन असतील, तर एक बंद पडल्यावर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ४८ येते. प्लॅटफॉर्मचा स्वतःचा वाटा धरून प्रत्येकी ६४ घ्या. तीनच का? दोनच यंत्रांचा एकमेकांशी संपर्क तुटला, तर बहुमत कुणाचं ते ठरत नाही.

मोजमाप एप्रिल-मेच्या हापूस हंगामातलं धरा, श्रावणातलं नको. आणि बॅकअप गावाबाहेर हवाच. २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्याची वीज कशी गेली, ते आठवा.

तुमच्याकडे काय चालतं? कोअर आणि रॅमसकट कमेंटमध्ये लिहा.