शेवटचा डोस : पहिल्या रहस्यकादंबरीची घडण

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लागलो. गोळ्यांची पाकिटं अजून सगळीकडे पोचायची होती. पेशंट घरून बाटली घेऊन यायचा. ती धुवायची, मिक्श्चर भरायचं, आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी डकवायची. पट्टीला जितक्या खाचा तितके डोस. जुलाबाच्या औषधात पांढरी पूड असायची आणि ती तासाभरात खाली बसायची. म्हणून प्रत्येकाला बजावायचं, 'हलवून घ्या.' एकदा एक आजी तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आल्या : "पहिले दोन दिवस नुसतं पाणी दिलंस आणि आता तळाला चुना?" त्यांनी बाटली एकदाही हलवली नव्हती. औषध निरुपद्रवी होतं, म्हणून आम्ही दोघंही हसलो.

ही आठवण माझ्या डोक्यात तीस वर्षं पडून होती. तिचा रहस्यकथेशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. तो कसा लागला, आणि पहिली रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याला त्यातून काय शिकता येतं, ते या लेखात मांडतो. मी साहित्याचा प्राध्यापक नाही. जे शिकलो ते वाचनालयाच्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या फसलेल्या हस्तलिखितातून.

माझं हस्तलिखित

अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, पुढे शिरवळकरांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास वाचत माझी पिढी वाढली. मीही २००४ साली एक रहस्यकादंबरी लिहिली. कोकणातला वाडा, सावकाराचा खून, पावसाळी रात्र. एकशे ऐंशी पानं झाली. ती आधी ताईला दिली, कारण घरात खरी वाचक तीच. चार दिवसांनी तिने वही परत केली आणि एवढंच विचारलं, "अरे, हा बेळगावचा भाऊ एकशे सत्तर पानं होता कुठे?"

खुनी शेवटच्या दहा पानांत एस.टी.तून उतरला होता. मला वाटलं होतं, वाचक थक्क होईल. ताई थक्क झाली नाही, ती नाराज झाली. तिने चार दिवस विचार केला होता आणि मी तो फुकट घालवला होता. वही माळ्यावर गेली.

बऱ्याच वर्षांनी अगाथा ख्रिस्तीबाईंची पहिली कादंबरी, 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', हातात आली. ती वाचून मी माळ्यावरची वही खाली काढली. पुढचं लिहिण्याआधी एक सूचना : या कादंबरीत खून कसा झाला ते मी सांगणार आहे, पण कोणी केला ते सांगणार नाही. ज्यांना तेवढंही नको असेल त्यांनी आधी कादंबरी वाचावी आणि मग इथे परत यावं.

औषधखोलीतली दुपार

ख्रिस्तीबाईंचा जन्म १८९० सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातला. होम्सच्या कथा त्यांना पाठ होत्या. गास्तों लेरू यांची 'पिवळ्या खोलीचं रहस्य' ही १९०७ सालची फ्रेंच कादंबरी त्यांना फार आवडली होती. आपणही असं काही लिहावं असं त्यांनी बोलून दाखवलं, तेव्हा थोरली बहीण मॅज म्हणाली की तुला ते जमणार नाही. ही पैज बाईंच्या मनात घर करून राहिली. बहिणींचा या व्यवसायाशी काही जुना संबंध असावा.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. नवरा युद्धावर गेला आणि बाई टॉर्कीच्या लष्करी रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून, मग औषधं बनवण्याच्या विभागात काम करू लागल्या. त्यासाठी परीक्षा द्यावी लागे, तीही त्यांनी दिली. इथे काम कधी धबडग्याचं, तर कधी दुपारभर काहीच नसे. भोवती कपाटं आणि कपाटांत विषाच्या बाटल्या. त्या रिकाम्या दुपारी कादंबरीचा विचार सुरू झाला. खून करायचा तर विषानेच, हे ठरायला वेळ लागला नाही.

शिकाऊ असताना गावातल्या एका औषधविक्रेत्याच्या हातून मोजमापात दशांशचिन्हाची चूक झालेली त्यांनी पाहिली. त्याला तोंडावर सांगायची सोय नव्हती. तेव्हा त्यांनी तयार औषध मुद्दाम खाली पाडलं आणि पायाखाली चिरडलं. ज्याने औषधं मोजली आहेत त्याला हा प्रसंग वाचताना घाम फुटतो.

गुप्तहेर कोण असावा? टॉर्कीत तेव्हा बेल्जियमहून आलेले निर्वासित राहत होते. त्यांतलाच एक निवृत्त पोलीस अधिकारी का नको? असा पॉयरो जन्मला. ओळखीच्या माणसांना खुनाच्या गोष्टीत बसवणं त्यांना जमेना. ट्रॅममध्ये काळ्या दाढीचा एक अनोळखी माणूस दिसला, तो मात्र लगेच बसला. म्हणजे माणसं भोवतालचीच घेतली, पण त्यांच्या खाजगी आयुष्याला हात लावला नाही. नवशिक्याने ही युक्ती उचलावी अशी आहे.

निम्मी कादंबरी लिहून बाई अडल्या. तेव्हा आईच्या सल्ल्याने त्या डार्टमूरच्या माळावरच्या एका हॉटेलात जाऊन राहिल्या. सकाळी लिहायचं, दुपारी माळावर भटकत पात्रांचे संवाद मोठ्याने म्हणायचे. हा क्रम धरून त्यांनी कादंबरी संपवली. साल होतं १९१६.

बाटलीचा तळ

आता कादंबरीतली बाटली. स्टाइल्स नावाच्या मोठ्या घरातल्या श्रीमंत, वयस्क मालकीणबाई पहाटे झटके येऊन मरतात. विष निघतं स्ट्रिकनिन.

हे विष कोकणाला आणि गोव्याला परकं नाही. आपल्याकडे ज्याला काजरा किंवा कुचला म्हणतात, त्याच्या चपट्या, बटणासारख्या बियांत ते असतं. आयुर्वेदात शुद्धी केल्याशिवाय कुचला वापरत नाहीत तो याचसाठी. १८१८ साली पेलतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. पुढे अगदी अल्प प्रमाणात ते शक्तिवर्धक म्हणून औषधात घालू लागले. चव मात्र भयंकर कडू.

कादंबरीत पहिला प्रश्न चवीचाच येतो. इतकं कडू विष बाईंनी प्यायलं कशातून? कोको ती चव लपवू शकत नाही, कॉफी लपवू शकेल. वाचक कॉफीच्या कपामागे लागतो. कप तर चुरा झालेला सापडतो, त्यामुळे संशय आणखी वाढतो.

खरं उत्तर रोजच्या टॉनिकमध्ये आहे. त्या टॉनिकमध्ये स्ट्रिकनिन होतंच, पण ठरलेल्या मात्रेत. त्यात ब्रोमाइडची पूड पडली की स्ट्रिकनिनचे बारीक, पारदर्शक स्फटिक बनून तळाशी बसतात. बाटली न हलवता घेतली, तर आधीच्या डोसांत फारसं काही जात नाही आणि शेवटच्या डोसात सगळं एकदम जातं. बाहेरून विष आणायला नको, मरणाच्या वेळी खुन्याने घरात असायलाही नको. माझ्या त्या आजींची बाटली मला इथे आठवली, आणि हसू मात्र आलं नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच्या पुढच्या गोष्टीने. हे टॉनिक बाईंनी लपवलेलंच नाही. चौकशीच्या वेळी ते सर्वांसमोर येतं. टॉनिकमधल्या विषाचा परिणाम साठत गेला असेल का? डॉक्टर नाही म्हणतात. मग शंका निघते की औषध बनवणाऱ्याच्या हातून चूक झाली असेल. त्यावर मोलकरीण सांगते की बाटली नवी नव्हतीच, उलट बाईसाहेबांनी त्याच दिवशी शेवटचा डोस घेतला होता. झालं, शंका मिटली. वाचक टॉनिकवर काट मारतो आणि पुढे जातो. आणि 'शेवटचा डोस' हेच तर उत्तर आहे.

मी एक वही केली. डाव्या बाजूला 'लेखिकेने काय सांगितलं', उजव्या बाजूला 'त्या क्षणी मला काय वाटलं'. असं करत कादंबरी तीनदा वाचली. तेव्हा लक्षात आलं, चांगला धागा लपवायचा नसतो. तो वाचकाच्या हातात द्यायचा, पण एखाद्या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून द्यायचा. इथे तो एका शंकेचं निरसन म्हणून येतो. ब्रोमाइडचंही तसंच. खोलीत पुडीची एक रिकामी डबी सापडते, तिच्यावर औषधविक्रेत्याचं लेबल नसतं. वाचक ती पाहतो आणि सोडून देतो.

दुसरा धागा तर स्वभावातच विणलेला आहे. पॉयरोला टापटिपीचं वेड आहे. वस्तू जराशी तिरकी दिसली की तो सरळ करतो. आपण हसतो आणि याला विनोद समजतो. पुढे त्याचा मित्र हेस्टिंग्ज सहज बोलून जातो की शेकोटीवरच्या वस्तू नीट लावताना तुझा हात थरथरत होता. पॉयरो ताडकन उठतो. त्याच सकाळी त्या वस्तू त्याने एकदा नीट लावलेल्या होत्या! मग दुसऱ्यांदा लावाव्या का लागल्या? मधल्या वेळेत कोणीतरी तिथे हात घातला होता. विनोद म्हणून पेरलेली लकब पुरावा होऊन परत येते.

आणि हे सगळं सांगणारा हेस्टिंग्ज प्रामाणिक आहे. तो जे पाहतो ते सांगतो, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावतो. मी वाचकापासून वस्तुस्थिती दडवली होती. बाई वस्तुस्थिती देतात आणि चुकीचा अर्थ सोबत देतात. माझ्या बेळगावच्या भावाचा दोष मला इथे नेमका कळला.

जिथे पाय घसरला

ही कादंबरी निर्दोष नाही. धागे जास्त झाले आहेत, आणि दोन-तीन पात्रं केवळ गोंधळ वाढवायला एकमेकांचं लपवत राहतात. मोठी चूक शेवटी होती. मूळ मसुद्यात पॉयरो सगळा उलगडा कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून करत होता. पुढे जॉन करन यांनी बाईंच्या वह्यांमधून तो मसुदा प्रकाशात आणला. बऱ्याच प्रकाशकांनी नाकारल्यावर 'बॉडली हेड'चे जॉन लेन यांनी कादंबरी घेतली, पण हे प्रकरण बदलायला सांगितलं. कोणतंही कोर्ट साक्षीदाराला असं व्याख्यान देऊ देणार नाही. बाईंनी उलगडा दिवाणखान्यात आणला. सगळ्यांना एकत्र बसवून गुप्तहेर बोलतोय, हे पुढे त्यांचं ओळखीचं दृश्य झालं. त्याचा उगम अशा एका दुरुस्तीत आहे.

कादंबरी १९२० साली अमेरिकेत आणि १९२१च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये आली. लिहून संपल्यापासून चार वर्षं उलटली होती. हाती आले पंचवीस पौंड, तेही साप्ताहिकात क्रमशः छापण्याच्या हक्कातला वाटा म्हणून. शिवाय पुढची पाच पुस्तकं त्याच प्रकाशकाला देण्याची अट होती. बाईंना अभिमान वाटला तो औषधनिर्मात्यांच्या एका नियतकालिकातल्या परीक्षणाचा. त्यात विषाची माहिती अचूक असल्याबद्दल शाबासकी होती.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. औषधखोली बाईंच्या हाताखालची होती, तिथे तज्ज्ञांनी मान डोलावली. कोर्ट ऐकीव होतं, तिथे प्रकाशकाला थांबवावं लागलं. मी कधी वाड्यात राहिलो नाही, सावकार पाहिला नाही, तरी कादंबरी तिथेच रचली होती. बाटल्या, खाचांच्या पट्ट्या, उधारीची वही, दारात ताटकळणारे पेशंट, हे माझं स्वतःचं जग होतं आणि ते मी एका ओळीतही आणलं नव्हतं.

पुन्हा पहिल्या पानापासून

पहिली रहस्यकादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी एवढं सांगतो. आधी घडलेलं सत्य तारीखवार, वेळेसकट लिहून काढा, ते वाचकाला दाखवायचं नसलं तरी. खुनी पहिल्या तीन प्रकरणांत वाचकाला भेटू द्या. प्रत्येक धागा उघड्यावर ठेवा, पण दुसऱ्या कुठल्यातरी कामाला जुंपून ठेवा. गुन्ह्याची रीत तुमच्या हाताला ठाऊक असलेल्या कामातून काढा. आणि गुप्तहेराचं वय जपून ठरवा! पॉयरोला पहिल्याच पुस्तकात निवृत्त केल्याचा ख्रिस्तीबाईंना पुढे पश्चात्ताप झाला, कारण तो १९७५ सालच्या 'कर्टन'पर्यंत चालला. ती शेवटची कादंबरीही परत स्टाइल्समध्येच घडते.

माझी नवी कादंबरी दवाखान्यात सुरू होते. वाडा गेला, बेळगावचा भाऊही गेला. ताईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रविवारी एक प्रकरण तिला वाचून दाखवतो. गेल्या रविवारी सातवं झालं. खुनी कोण हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वही मिटत होतो तेव्हा ती म्हणाली, "थांब. ती तिसऱ्या प्रकरणातली बाटली. तिच्या पट्टीला खाचा किती होत्या म्हणालास? ते पान परत वाच."

मी ते पान परत वाचलं.