कॉलेज सोडून नोकरी? आधी हे विचारा

मैत्रिणींनो, लेक म्हणाली, "आई, कॉलेज सोडते, पुण्याच्या नव्या छोट्या कंपनीत नोकरी मिळतेय," तर लगेच रागावू नका. विचारा: हातात पगार किती? नेमणूकपत्र लेखी आहे का? पीएफचा कायदा साधारण 20 कामगारांपासून लागतो. छोट्या कंपनीत तो नसेलही. कंपनी बंद पडली तर दोन-चार महिने भागेल का? 'पुढे शेअर देऊ' म्हणतात, पण त्यावर किराणा येत नाही.

शिक्षणाची दोरी मात्र तोडू नका. चालू वर्ष पूर्ण करूनच निघावं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका मिळू शकते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता पदवी घेता येते. मग होकार की नकार, ते मायलेकींनी मिळून ठरवा.