डिलीट केलेली ऑर्डर रिपोर्टमध्ये कशी उरते?

ॲपवर दिलेली ऑर्डर आधी मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये जाते. विक्रीचे रिपोर्ट मात्र बऱ्याचदा स्नोफ्लेकसारख्या क्लाउड डेटा वेअरहाउसमधून निघतात. तिथे ऑर्डरची कॉपी पोचवतं ते रेप्लिकेशन टूल.

मी पहिल्यांदा हे जोडलं तेव्हा सोपा मार्ग धरला. दर तासाला 'शेवटचा बदल कधी' हा कॉलम बघायचा, नवं तेवढं उचलायचं. महिनाभर छान चाललं. मग विक्रीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू लागला. डिलीट झालेली ओळ टेबलमध्येच नाही, मग टूलला दिसणार कशी? वेअरहाउसमध्ये ती तशीच बसून!

म्हणून चांगली टूल्स मायएसक्यूएलचा बिनलॉग वाचतात. त्यात प्रत्येक इन्सर्ट, अपडेट, डिलीट क्रमाने नोंदलेलं असतं. पण हे बदल एकेक करून भरले तर वेअरहाउस फार हळू चालतं आणि बिलही वाढतं. त्यामुळे ते फाइलमध्ये गोळा करून स्टेजवर ठेवतात, कॉपी कमांडने तात्पुरत्या टेबलमध्ये एकदम ओततात, मग मर्ज चालवतात. आयडी जुळला तर ओळ बदला किंवा काढा, नाही तर नवी घाला.

आणि हो, बिनलॉग कायम राहत नाही. मायएसक्यूएल 8.0 मध्ये सेटिंग बदललं नसेल तर तो 30 दिवसांनी पुसला जातो. टूल त्याहून जास्त दिवस बंद राहिलं, की अख्खं टेबल पुन्हा पहिल्यापासून उचलावं लागतं.