मराठी बंद केली तेव्हा

लेक अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. त्याच बैठकीत सल्ला मिळाला, "घरात आता एकच भाषा ठेवा, इंग्रजी." पुढची दीड वर्षं मी त्याच्याशी माझ्या ऑफिसातल्या इंग्रजीत बोलले. सूचना देता यायच्या; लाड करणं, चिडवणं, झोपवताना गुणगुणणं मात्र थांबलं. पुण्याहून आजीचा व्हिडिओ कॉल आला की आम्ही फोन दुसऱ्या खोलीत न्यायचो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या सल्ल्याला आधार काय, हे मी फार उशिरा शोधलं. कॅनडात हॅम्बली आणि फोम्बोन यांनी ७५ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. दोन भाषा ऐकत वाढणारी मुलं एकच भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त मागे पडलेली दिसली नाहीत. अभ्यास लहान आहे, आणि मराठीने बोलणं लवकर येतं असा कुणाचाही दावा नाही. पण माझी मराठी त्याच्या आड येत होती, ही भीती गेली.

तो ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतो. याला इकोलेलिया म्हणतात. तहान लागली की म्हणायचा, "तुला पाणी हवंय?" पाणी मिळण्याआधी हेच तर कानावर पडायचं! म्हणून आम्ही त्याच्या तोंडी शोभेल असं बोलू लागलो: "मला पाणी हवंय." दिवसभर माझ्याजवळ असल्याने तो "मी येते" म्हणायचा. (आपल्याकडची बरीच मुलं म्हणतात, याचं जरा जास्त टिकलं.) तेव्हा "मी येतो" हे काम बाबांकडे गेलं.

एक मात्र आग्रहाने सांगते. तपासणीत "पाणी" म्हणणाऱ्या मुलाला "वॉटर" येत नाही म्हणून शून्य मिळू शकतं. दोन्ही भाषांतले शब्द वहीत लिहून न्या आणि ते धरायला सांगा. इथे अमेरिकेत आयडिया कायद्यानुसार, शक्य असेल तिथे, मुलाच्या भाषेत तपासणी व्हायला हवी. दुभाषा मागायला लाजू नका.

आजी रोज फोनवर त्याला विचारते, "जेवलास का?" हल्ली फोन उचलताच तोच आधी म्हणतो, "जेवलास का?"

"हो रे राजा, जेवले," आजी म्हणते.