अंगापेक्षा बोंगा मोठा

प्रथम कम्युनियनच्या सोहळ्यास तीन दिवस उरले होते. सायंप्रार्थना आटोपून मी मंदिराच्या ओसरीवर आलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक माउली पदराखाली काहीतरी झाकून उभी असलेली दिसली. तिच्या धाकटीसाठी नागपूरच्या मावशीने पांढरा झगा पाठविला होता. झगा मावशीच्या स्वतःच्या मुलीचा; सोहळा पार पडला की घडी करून परत धाडावयाचा. तो चार बोटे लांब आणि कमरेत बराच ढगळ होता. 'उकळत्या पाण्यात घातला म्हणजे कोणताही कपडा आटतो,' असे कोणीतरी तिला सांगितले. बिचारीने चुलीवर पातेले चढविले आणि झगा तासभर त्यात बुडवून ठेवला. परिणाम असा झाला की आतले सुती अस्तर दोन बोटे वर गेले, बाहेरची जाळी मात्र सुतभरही हलली नाही, आणि दोहोंच्या ओढाताणीत कमरेची शिवण चुण्या पडून गोळा झाली. "फादर, आता अक्काला मी काय तोंड दाखवू?" असे म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला.

सेमिनरीत मला ग्रीक व तत्त्वज्ञान शिकविले गेले. झगा आटविण्याची विद्या कोणी शिकविली नाही. म्हणून वारासिवनीच्या एका वृद्ध विणकरास आणि आमच्या बाजारातील शिंपीदादांस मी विचारावयास गेलो. त्यांनी जे सांगितले ते, आणि पुढे पुस्तकांतून जे वाचले ते, येथे लिहितो. कारण असा प्रसंग घरोघरी येतो. थोरल्याचा शर्ट धाकट्यास मिळतो, शहरातला नातेवाईक जुने कपडे पाठवितो, बाजारात हव्या त्या मापाचा स्वेटर मिळत नाही, आणि मग अंगापेक्षा बोंगा मोठा होतो.

वारासिवनी हे आपल्याच बालाघाट जिल्ह्यातील हातमागाचे गाव. तेथील साड्यांस 2023 साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. तेथल्या माझ्या विणकर गुरूंनी मागावरचा ताणा बोटाने वाजवून दाखविला. सतारीच्या तारेप्रमाणे तो ताठ होता. "फादर, हा दोरा आत्ता ओढलेला आहे. मागावरून उतरला की त्याला सैल व्हायचे असते. पण कोरड्यात त्याला जागा सापडत नाही. पाणी लागले की सापडते," असे ते म्हणाले. आटण्याचे अर्धे रहस्य या चार वाक्यांत आहे. उरलेले अर्धे असे. सुताचा तंतू पाणी पिऊन फुगतो. उभ्या दोऱ्यास आडव्या दोऱ्यांच्या वरून व खालून नागमोडी जावे लागते; ते आडवे दोरे जाड झाले म्हणजे तेवढ्याच वळणांस दोरा अधिक लागतो, आणि तो अधिक दोरा कापडाच्या लांबीतूनच घेतला जातो. बाज विणताना जाड सुतळी घेतली तर ती लवकर संपते, हे ज्याने पाहिले आहे त्यास हे निराळे सांगावयास नको.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते, व ती न जाणल्यामुळेच पुष्कळ कपडे वाया जातात. ताण ताण्यावर असतो, म्हणून विणलेले कापड लांबीत अधिक आटते व रुंदीत कमी. शर्टाचा ताणा बहुधा गळ्यापासून खाली जातो. अर्थात ढगळ शर्ट उकळला तर तो छातीत अरुंद होण्यापूर्वीच उंचीला आखूड होतो. घेर तसाच आणि शर्ट बेंबीवर, अशी गत होते.

आता हिशेब पाहू. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते दहापर्यंत आटू शकते. पाच धरा. चाळीस इंच छातीचा शर्ट शेकडा पाचाने आटला तर अडतीस इंचांचा होईल, आणि तेही रुंदीने साथ दिली तर. म्हणजे एका मापाने मोठा असलेला शर्ट पाण्याने कदाचित अंगास बसेल. परंतु चाळीस इंच छातीच्या बापाचा शर्ट तीस इंच छातीच्या मुलास बसविणे हे जगातील कोणत्याही पातेल्याचे काम नव्हे. तेथे कात्रीच हवी. शिवाय जो शर्ट दहा वेळा धुऊन झाला आहे तो आटावयाचा तेवढा आटून बसलेला असतो. त्यास पुन्हा उकळणे म्हणजे सरपण फुकट घालविणे.

गिरणीच्या कापडाची गोष्ट आणखी वेगळी आहे. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1930 साली एका युक्तीचे पेटंट घेतले. ओलसर कापड जाड पट्ट्यावर दाबून लांबीत आधीच आकसून घ्यावयाचे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी ते शेकडा एकाहूनही कमी आटते. जुन्या लोकांनी कापडाच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' हा शिक्का वाचलेला असेल. तो या क्लुएटच्याच नावावरून आला. आज तयार कपड्यांचे पुष्कळसे सुती कापड अशाच काही रीतीने आधी आटविलेले असते. खादीचे व हातमागाचे कापड मात्र बहुधा नसते. म्हणूनच आपल्या आजीबाई नवे कापड शिंप्याकडे देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत घालीत.

शुभवर्तमानाच्या वाचकास येथे एक वचन आठवेल. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, असे प्रभू म्हणतो. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात त्या कापडासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ 'परिटाच्या हातून न गेलेले' असा होतो. त्या काळचा परीट लोकरीचे नवे कापड पाण्यात तुडवून दाट करी व आटवी. असे न आटलेले ठिगळ पहिल्याच धुण्यात आकसते आणि जुन्या, झिजलेल्या वस्त्राचे धागे ओढून फाडते. आमच्या माउलीच्या झग्यात ठिगळाऐवजी अस्तर होते, इतकाच फरक.

तेव्हा कपडा पाण्यात घालण्यापूर्वी तो कशाचा आहे हे ओळखले पाहिजे. गळ्यामागे किंवा आतल्या शिवणीत चिठ्ठी असेल तर ती वाचावी. नसेल तर आतल्या शिवणीतून दोन-तीन दोरे काढावे, चिमट्यात धरावे आणि मुलांना दूर ठेवून पाण्याच्या भांड्यावर पेटवावे. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. लोकर व रेशीम जळक्या केसासारखे घाणतात व त्यांची राख बोटाने चुरडते. पॉलिस्टर वितळते, काळा धूर सोडते आणि त्याचा मण्यासारखा कठीण गोळा होतो. मिश्र कापडात या खुणा मिसळलेल्या असतात. राख आणि गोळा दोन्ही दिसली की ते टेरीकॉट समजावे.

सुती कपडा असेल, तो फारसा धुतलेला नसेल आणि थोडाच मोठा असेल, तर प्रयत्न करावा. प्रथम रंग तपासावा: ओले पांढरे फडके आतल्या शिवणीवर दाबून धरावे, फडक्यावर रंग उतरला तर बेत सोडून द्यावा. रंग पक्का असल्यास कपडा उलटा करून चांगल्या कढत पाण्यात अर्धा तास ठेवावा व मधून मधून लाकडाने हलवावा. नंतर पिळताना व वाळत घालताना तो ओढू नये. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने जे आटले ते पुन्हा ताणले जाते. म्हणून बाजेवर स्वच्छ चादर घालून त्यावर उन्हात पसरावा. वाळल्यावर इस्त्री करण्यापूर्वीच अंगाला लावून पाहावा, आणि हवे असल्यास पुन्हा एकदा हेच करावे. तिसऱ्या वेळेनंतर फारसे काही हाती लागत नाही. कॉलरमधील बकरम वेगळ्या प्रमाणात आटून कॉलरला फोड येतात, आणि पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवलेल्या सुती कपड्याची शिवण सुरकुतते, कारण कापड आटते, दोरा आटत नाही. बनियनसारखे जाळीदार विणीचे कापड शर्टाच्या कापडाहून अधिक आटते. तेथे पाणी जरा कोमटच बरे.

टेरीकॉटचा व पॉलिस्टरचा विषय मी एका वाक्यात संपवितो: त्यांना घरी आटविण्याचा प्रयत्न करू नये. हे तंतू कारखान्यात मोठ्या उष्णतेने एका आकारात पक्के केलेले असतात. चुलीवरच्या उकळत्या पाण्याची त्यांना पर्वा नसते. उलट उकळत्या पाण्यात चुरगळून पडले तर त्या सुरकुत्याच पक्क्या होतात. शाळेचे गणवेश आजकाल बहुतेक याच जातीचे, आणि जूनमध्ये ते पातेल्यात घालणाऱ्या माता मला दरवर्षी भेटतात.

रेयॉनविषयी सावधगिरीची सूचना देतो. हा तंतू लाकडाच्या लगद्यापासून होतो. आपल्याच मध्य प्रदेशात नागदा येथे त्याचा मोठा कारखाना 1954 पासून चालत आला आहे. रेयॉनचा झगा किंवा कुडता साध्या थंड पाण्यातही चांगलाच आटतो, तेव्हा गरम पाण्याची गरजच नाही. पण ओला असताना त्याची शक्ती निम्म्याजवळ उतरते. पिळला तर फाटतो, टांगला तर लोंबतो. दोन्ही हातांवर झेलून बाहेर काढावा व सपाट वाळवावा.

लोकरीशी मात्र माझे जुने वैर आहे. विद्यार्थिदशेत माझ्या आईने विणून दिलेला स्वेटर मी इतर कपड्यांबरोबर कढत पाण्यात घालून, सोडा टाकून, दगडावर आपटला. वाळल्यावर तो दहा वर्षांच्या मुलाचा झाला होता आणि नमद्यासारखा कडक. माझ्या आईने तो उलटसुलट पाहिला व काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते. लोकरीच्या केसावर माशाच्या खवल्यांसारखी सूक्ष्म खवले असतात. उष्णता, पाणी आणि घुसळणे ही तीन एकत्र आली की केस एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि माघारी येत नाहीत. सुताचे आटणे म्हणजे ओढलेला दोरा सैल होणे. लोकरीचे आटणे म्हणजे गुंता, आणि तो कोणी सोडवू शकत नाही. टोपीवाल्यांचा आश्रयदाता संत क्लेमेंट याची एक दंतकथा आहे: चालून चालून दुखणाऱ्या पायांना आराम मिळावा म्हणून त्याने चपलांत लोकर घातली, आणि घामाने व पावलांच्या दाबाने तिचा नमदा झाला. दंतकथा खरी असो वा नसो, कृती अचूक आहे.

तेव्हा लोकरीचा स्वेटर मोठाच असेल, तर कोमट पाणी आणि किंचित साबण घेऊन तो हाताने हलके हलके दाबावा, दोन-तीन मिनिटांनी उचलून मापावा, आणि हवे त्याच्या अलीकडेच थांबावे. मग टॉवेलात गुंडाळून पाणी शोषून घ्यावे, मापाप्रमाणे सपाट पसरून कडा टाचून ठेवाव्या आणि सावलीत वाळवावा. घाई केली तर माझ्यासारखी गत होईल. आणि हे सर्व करण्यापूर्वी दोरा जाळून पाहावा. आठवडी बाजारात मिळणारे स्वस्त स्वेटर बहुधा लोकरीचे नसतातच. ते अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिकचा नमदा होत नाही, आणि गरम इस्त्री लागली तर ते आटण्याऐवजी कायमचे लुळे पडते. बैहरच्या पठारावर डिसेंबरची थंडी कशी असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी असला प्रयोग मुलाच्या एकुलत्या एक स्वेटरवर करू नये.

रेशमाबद्दल काय सांगावे? वारासिवनीच्या वृद्धांस मी हा प्रश्न केला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी तो मागे घेतला. रेशमाची चमक व जर गरम पाण्याने जाते. रेशमी पोलके सैल असेल तर ते शिंप्याकडे न्यावे.

लहान मुलांच्या बाबतीत माझे मत विचाराल तर आटविण्याच्या भरीस पडूच नये. मूल वाढते, आटलेला कपडा वाढत नाही. खाली रुंद दुमड, कमरेत दोन टक, खांद्यावर एक चुणी, आणि हे सारे मोठ्या कच्च्या टाक्यांनी. वर्षभराने टाके उसवले की झगा पुन्हा मोठा. मोठ्या माणसाचा नवा, सुती, एका मापाने सैल शर्ट एवढाच काय तो पातेल्याचा खरा विषय.

त्या झग्याचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. शिंपीदादांनी शनिवारी दुपारी आटलेले अस्तर संपूर्ण उसवून काढले. नवे मलमल आणले, पण ते शिवण्यापूर्वी माउलीकडून कढत पाण्यातून काढवून वाळवून घेतले. कमरेची शिवण सरळ केली, जाळीला आतून टक घातले, खालची झालर कच्च्या टाक्यांनी चार बोटे वर धरली. मजुरी घेतली नाही. मलमलीचे पैसे तेवढे घेतले. रविवारी पोरगी वेदीपुढे आली तेव्हा कोणाच्या काही ध्यानात आले नाही. पुढच्या आठवड्यात टाके उसवून झगा नागपूरला गेला. माउलीने घडल्याप्रमाणे सर्व हकीकत चिठ्ठीत लिहिली होती. ती मला दाखवून मगच तिने पुडके बांधले. पंधरा दिवसांनी अक्काचे उत्तर आले. नवे अस्तर जुन्यापेक्षा बरे आहे, असे तिने लिहिले होते, आणि झालरीत एक टाचणी राहिली होती ती बोटाला लागली, हेही लिहिले होते.