फ्रेममधला पक्षी आणि मागे राहिलेले पुस्तक

बंगळूरपासून साठेक किलोमीटरवरच्या नंदी टेकड्यांवर, खडकाळ झुडपांत, पिवळ्या गळ्याचा बुलबुल राहतो. दक्षिण भारताबाहेर न आढळणारा हा पक्षी आज ‘असुरक्षित’ प्रजातींत गणला जातो. १८४५ साली शास्त्रजगताला त्याची ओळख करून दिली थॉमस जर्डन यांनी. कंपनी सरकारच्या फौजेतले हे डॉक्टर मराठवाड्यात जालन्यालाही होते. १८४३ ते १८४७ या काळात मद्रासहून त्यांचा भारतीय पक्ष्यांवरचा सचित्र ग्रंथ भागाभागाने निघाला. त्यातली पन्नास चित्रे भारतीय चित्रकारांच्या हातची.

ही चित्रे शिळाछापाची. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढत, दगड ओला करून शाईचा रूळ फिरवत. ओल्या भागाला शाई लागत नसे, तेलकट रेषा ती धरून ठेवत. छापून निघे ते एकरंगी. रंग प्रत्येक प्रतीत हाताने भरावे लागत. साहजिकच एका चित्राच्या दोन प्रतींतही छटांचा फरक पडे.

पुढे काळ आपले काम करतो. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे काळवंडतो, काही सेंद्रिय रंग उजेडाने विटतात. शिंजिराच्या गळ्याची झळाळी तर मुळातच रंगद्रव्याची नव्हे. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ती निर्माण होते आणि पाहण्याचा कोन बदलला की पालटते. साध्या जलरंगाला ते साधत नाही. म्हणूनच लंडनच्या जॉन गुल्ड यांनी हमिंगबर्डच्या चित्रांत सोन्याचा वर्ख वापरला.

तेव्हा एकट्या चित्रावरून पक्ष्याचा खरा रंग ठरवणे धोक्याचे. तो कुठे दिसला, कशा रानात राहतो, काय खातो, हे शेजारच्या मजकुरात असते. दुर्दैवाने जुने ग्रंथ उसवून त्यांतली चित्रे सुटी विकली जातात. चित्र दिवाणखान्यात पोहोचते, नोंद मात्र हरवते. पूर्वी कोणता पक्षी कुठवर पसरला होता, हे शोधणाऱ्या अभ्यासकाला तीच नोंद हवी असते.

असे चित्र तुमच्या घरी असेल, तर त्याच्या कडा कापू नका. चित्राचा क्रमांक आणि नाव बहुधा तिथेच असते. उन्हापासून ते दूर ठेवा, मागे आम्लमुक्त कागद लावा. असे कितीतरी ग्रंथ आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आपल्या चित्राचे पान तिथे शोधा आणि त्यावरचा मजकूर चित्रासोबत जपा.